भिंतीवरची कविता, काट्यावरची पट्टी



मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघालं की वाटेत आमचं बीबी लागतं, लोणार तालुक्यातलं. आपल्याकडे अशा गावांतल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर जोतीराव फुल्यांची एक कविता रंगवलेली असते. विद्या गेली आणि तिच्यामागून काय काय गेलं, ते सांगणारी. पाचवीतलं पोरही ती घडाघडा म्हणतं. पण ती मुळात कुठली? १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची सुरुवातच तिने होते.

माझं म्हणणं आहे ते कवितेच्या या जागेबद्दल. भिंतीवर एकटी वाचली, तर दोष शेतकऱ्याच्या माथी बसतो: तू शिकला नाहीस, म्हणून बुडालास. पुढचं पुस्तक वाचा. वाढता सारा, लोकल फंड, वेळेवर पाणी न सोडणारं पाटबंधारे खातं, चराई अडवणारं जंगलखातं, सावकार, कोर्टकचेरी. शेतकरी अडाणी राहिला यात कोणाकोणाचं फावलं, याचा तो रोखठोक हिशेब आहे. ‘दीनबंधु’ने दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापायचं थांबवलं, इतका तो झोंबणारा होता. पुस्तकाच्या आदल्याच वर्षी जोतीरावांनी हंटर आयोगापुढे मागणी केली होती: निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सारा भरते रयत, तर शाळाही रयतेच्या दारात हवी, हा त्यांचा आग्रह.

त्याच मागणीच्या वाटेवरचा शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला २०१० साली. आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचं सरकारने काढलं. मला तर ही कविता कालच लिहिल्यासारखी वाटते.

मागच्या हंगामात सोयाबीन घेऊन मी एका अडत्याच्या काट्यावर उभा होतो. माझ्यापुढे एक म्हातारे बाबा. ओलाव्यापायी भाव पाडला, हमाली कापली, तोलाई कापली. हिशेबाची पट्टी हातात आली, तशी त्यांनी न बघताच चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवली.

“बाबा, वाचली का?” मी विचारलं.

“घरी नात हाये, चौथीत. ते वाचून दाखोते मले.”

नातीची शाळा वस्तीवरचीच. पट किती, म्हटलं.

“अठरा,” बाबा म्हणाले.