कवळी आणि कोयता

दात पडणे हा देहधर्म आहे. पडलेल्या दाताच्या जागी काय बसवावे, किंवा काहीच बसवू नये, हे मात्र घरातील शिल्लक, माणसाचे वय आणि चारचौघांची दृष्टी ही ठरवितात. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व अंगास असलेल्या पाथर्डी तालुक्यात ती किंचित निराळ्या रूपाने अनुभवास येते : कमाईच्या दिवसांत सवड नसते, आणि सवडीच्या दिवसांत कमाई नसते.

हा तालुका अवर्षणाचा. मोहटादेवीचे नवरात्र आटोपले, दसरा झाला, की येथील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीस निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, असा हिशेब असतो. मुकादम त्यांना आगाऊ उचल देतो व ती हंगामभराच्या तोडणीतून फेडावयाची असते. जुने देणे, पेरणी, आजारपण, लेकीचे लग्न, अशी तिची वाटणी बहुधा आधीच झालेली असते. त्या यादीत दाताचा क्रमांक शेवटचा.

शिवाय कवळी ही एका दिवसात होणारी वस्तू नव्हे. दात काढल्यावर हिरड्या भरून येण्यास दोन-तीन महिने जाऊ द्यावे लागतात. मग जबड्याचे माप, वरचा व खालचा जबडा मिटतो कसा याचा अंदाज, मेणात दात लावून पाहणे, आणि अखेर तयार कवळी, अशा चार-पाच खेपा होतात. ती टोचू लागली म्हणजे घासून घेण्यासाठी पुन्हा जावे लागते. पगारी नोकरास ही केवळ गैरसोय. फडावर मात्र एकाचा खाडा म्हणजे दोघांच्या मजुरीला धक्का. कारण एकाने तोडावयाचे व दुसऱ्याने मोळी बांधावयाची. म्हणून दुखरी दाढ काढून टाकणे हाच परवडणारा उपाय ठरतो. एका खेपेत ठणका थांबतो. रिकाम्या जागेचा विचार पुढील वर्षावर जातो. तोवर शेजारचे दात त्या जागेकडे कलतात, समोरचा दात लांबतो, जबड्याचे हाड झिजते, आणि पुढे कवळी नीट बसणेही कठीण होते.

समाजाच्या लेखी सर्व दात सारखे नसतात. पुढचा दात पडला तर तो चारचौघांत दिसतो; लग्न ठरावयाचे असेल तर त्यासाठी उसनवारीही होते. दाढा कोणास दिसत नाहीत, वस्तुतः चावण्याचे काम त्यांचेच. बाजरीची भाकरी आमटीत कुस्करून खाता येते, म्हणून काही अडले असे वाटत नाही. परंतु शेंगदाणे, हरभरे, गाजर, काकडी हे पदार्थ एकेक करून ताटातून नाहीसे होतात. स्त्रीची पाळी तर सर्वांनंतर येते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्या बिघडतात आणि दाताची कळ दाबण्यासाठी पुन्हा मिश्रीच लावली जाते. ‘आता या वयात कशाला?’ हे वाक्य अशा घरातील म्हातारी बहुधा स्वतःच उच्चारते.

पूर्वी कवळीचा पाया कठीण केलेल्या रबराचा असे. १९३० नंतरच्या दशकात ॲक्रिलिक आले आणि कवळी करणे सोपे झाले. १९४८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी सुरू झाली. तरीही रस्त्याच्या कडेला दात बसवून देणारे टिकून राहिले, कारण ते एका बैठकीत काम उरकतात. शेजारच्या दातांना असा कायमचा चिकटविलेला दात स्वच्छ करता येत नाही, आणि कालांतराने तो चांगल्या दातांनाही घेऊन जातो. स्वीडनमध्ये ब्रॅनमार्क यांनी १९६५ साली टायटॅनियमचा खुंट जबड्याच्या हाडात रोवून त्यावर दात बसविण्याचा उपचार रुग्णावर प्रथम केला. आज शहरांत तो सर्रास होतो. परंतु तेथेही कवळी, पूल की खुंट, ही निवड पुष्कळ वेळा खिशाकडे पाहूनच होते.

याच जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि तेथून जवळच लोणीस आज दंतमहाविद्यालय आहे. विद्या जिल्ह्यातच आहे. तिची आणि कोयत्याच्या सवडीची गाठ पडावयास हवी. मढीच्या यात्रेच्या सुमारास टोळ्या परतू लागतात. चैत्रात दात काढले, आषाढात माप घेतले, श्रावणात कवळी दिली, तर नवरात्रापूर्वी ती घासून नीट करण्यासही अवधी उरतो. त्यासाठी उपचार पाथर्डीतच व्हावयास हवा, आणि त्याचा खर्च उचलीवर पडता कामा नये. एवढे झाले, तर ज्यांच्या हातच्या उसाने शहरातील चहा गोड होतो, त्यांना फडावरची भाकरी कोरडीही चावून खाता येईल.