कोपराचे दुखणे आणि स्वतःच्याच रक्ताचे इंजेक्शन
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काही दिवसांपूर्वी एका ग्रामपंचायतीच्या सदस्या माझ्याकडे एक प्रश्न घेऊन आल्या होत्या. त्यांच्या गावातील एका शेतमजूर बाईचे उजवे कोपर दोन महिन्यांपासून दुखत होते. खुरपे धरवेना, बादली उचलवेना, धुणे पिळवेना. त्याच गावच्या एका गुरुजींचेही कोपर असेच दुखत होते. त्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढून शहरात स्वतःच्याच रक्तापासून तयार केलेले इंजेक्शन घेतले आणि त्यांचा हात बरा झाला. हे ऐकून ती बाई आपली शेळी विकून तेच इंजेक्शन घ्यायला निघाली होती. "तिला काय सांगू?" असे त्या सदस्यांनी मला विचारले.

मी वैद्य नाही. परंतु माहितीची शहानिशा करून ती लोकांपुढे ठेवणे हे माझे काम आहे. या प्रश्नाच्या निमित्ताने जे वाचले आणि तज्ज्ञांकडून समजून घेतले, तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

नाव खेळाचे, दुखणे कष्टाचे

या विकाराला टेनिस एल्बो म्हणतात. २००४ साली सचिन तेंडुलकर यांना तो जडला आणि २००५ साली त्यांच्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. प्रत्यक्षात हे दुखणे असलेल्यांपैकी बहुतेकांनी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नसते. १८७३ साली जर्मनीतील रुंगे या वैद्याने त्याचे वर्णन केले, तेही लेखनामुळे हात दुखणाऱ्यांच्या संदर्भात. साधारणपणे ३५ ते ५५ या वयात शंभरातून एक ते तीन जणांना हा त्रास होतो. मूठ आवळून वा मनगट ताणून तेच काम वारंवार करणारे सुतार, गवंडी, शेतमजूर, स्वयंपाक-धुणे करणाऱ्या स्त्रिया आणि फळ्यावर लिहिणारे शिक्षक हे याचे खरे रुग्ण होत.

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाला एका कंडरेने जोडलेले असतात. या कंडरेवर वारंवार ताण पडून तिचे तंतू झिजतात. ही केवळ सूज आहे, असा पूर्वी समज होता. १९७९ साली अमेरिकेतील निर्शल व पेट्रोन यांनी शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांच्या कंडरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीत मुख्यतः तंतूंची झीज आणि अर्धवट राहिलेली दुरुस्ती आढळते, हे त्यानंतर मान्य होत गेले. कंडरेला रक्तपुरवठा कमी असल्याने ही दुरुस्ती संथपणे चालते.

इंजेक्शनामागील कल्पना

झीज हे मूळ असेल तर दुरुस्तीला मदत करावी, या विचारातून हे इंजेक्शन आले. त्याला पीआरपी म्हणतात. म्हणजे रक्तबिंबिकांनी समृद्ध असा रक्तद्रव. रक्तबिंबिका म्हणजे डेंग्यूच्या साथीत ज्यांची संख्या सर्वजण विचारतात त्या प्लेटलेट. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. जखम झाली की रक्त थांबवणे आणि पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिने सोडणे, हे त्यांचे कार्य होय.

रुग्णाच्या दंडातून थोडे रक्त काढतात व ते यंत्रात वेगाने फिरवतात. डेअरीत दुधातून मलई वेगळी करण्याचे यंत्र ज्या तत्त्वावर चालते, तेच तत्त्व येथे आहे. लाल पेशी खाली बसतात आणि रक्तबिंबिका अधिक असलेला पिवळसर भाग वेगळा करून दुखऱ्या कंडरेत टोचतात. रक्त स्वतःचेच असल्याने त्याचे वावडे येण्याचा संभव फार कमी. मात्र काही दिवस दुखणे वाढू शकते आणि निर्जंतुकतेत हयगय झाल्यास जंतुसंसर्गाची भीती राहते.

कसोटीवर काय उतरले?

२००६ साली अमेरिकेत अवघ्या २० रुग्णांवरील अभ्यासातून आशादायक निष्कर्ष आले. २०१० साली नेदरलँड्समधील १०० रुग्णांच्या चाचणीत एक वर्षानंतर पीआरपी घेतलेल्यांपैकी ७३ टक्के, तर स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ४९ टक्के रुग्णांना चांगला आराम पडला. येथूनच या उपचाराचा बोलबाला झाला.

परंतु ही तुलना ज्या स्टिरॉइडशी झाली, त्याचाच गुण टिकाऊ नाही. २००६ साली ऑस्ट्रेलियात १९८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत स्टिरॉइडने सहा आठवड्यांत झपाट्याने आराम पडला. मात्र आराम पडलेल्यांपैकी ७२ टक्के रुग्णांचे दुखणे पुढे उलटले. नुसती वाट पाहणाऱ्यांची स्थिती वर्षअखेर त्यांच्यापेक्षा बरी होती. तेव्हा स्टिरॉइडहून सरस ठरणे हा पीआरपीच्या गुणाचा पुरेसा पुरावा होऊ शकत नाही.

खरी कसोटी दुसरी आहे. काही रुग्णांना पीआरपी आणि काहींना केवळ मीठपाणी टोचावे आणि कोणाला काय दिले हे रुग्णांना कळू देऊ नये. २०१३ साली डेन्मार्कमध्ये ६० रुग्णांवर अशी चाचणी झाली. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या वेदनांत उल्लेखनीय फरक दिसला नाही. २०१४ साली अमेरिकेतील २३० रुग्णांच्या चाचणीत २४ आठवड्यांनंतर पीआरपीच्या गटात ८४ टक्के रुग्णांना गुण आला खरा, पण पीआरपी न देता नुसती सुई टोचलेल्या गटातही ६८ टक्क्यांना आला. पुढे २०२१ साली कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने ३२ चाचण्या एकत्र तपासल्या. मीठपाण्यासारख्या निष्क्रिय इंजेक्शनच्या तुलनेत पीआरपीमुळे वेदनेत वा हाताच्या कामात रुग्णाला जाणवेल असा फरक बहुधा पडत नाही, हा तिचा निष्कर्ष. शिवाय पीआरपी तयार करण्याची पद्धत ठिकठिकाणी वेगळी असल्याने एका जागचा अनुभव दुसरीकडे लागू पडेलच असे नाही.

मग गुरुजींचा हात बरा कसा झाला? मी चौकशी केली, तेव्हा कळले की इंजेक्शन घेण्यापूर्वी त्यांचे दुखणे दहा महिने चालले होते. या विकारात दर दहापैकी आठ ते नऊ जण वर्षभरात आपोआप सुधारतात. गुरुजींना इंजेक्शनचा गुण आला, की बरे होण्याची वेळच आली होती, हे एका माणसाच्या अनुभवावरून सांगता येत नाही. गुरुजी खोटे बोलत नाहीत. परंतु गावात एकाचा अनुभव दुसऱ्याचा पुरावा होऊन बसतो आणि त्यातूनच शेळी विकण्याची पाळी येते.

आधी काय करावे?

प्रथम निदान नीट करून घ्यावे. मानेतील दबलेल्या नसेमुळेही कोपर दुखू शकते. हाताला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, किंवा सांधा सुजून ताप येत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

निदान झाल्यावर हात बांधून ठेवण्याची गरज नाही, पण ताण कमी केला पाहिजे. ओझे उचलताना तळहात वरच्या बाजूला ठेवावा. खुरप्याच्या बारीक मुठीला कापड गुंडाळून ती जाड करावी. धुणे पिळण्याचे काम काही काळ घरातल्या दुसऱ्या माणसाने करावे. फळ्यावर फार उंच लिहू नये. कोपराखाली बांधायच्या पट्ट्याने काहींना आराम वाटतो.

यासोबत व्यायाम हवा. हात टेबलावर ठेवून मनगट कडेबाहेर सोडावे, तळहात जमिनीकडे असावा. मुठीत अर्धा किलोपर्यंत वजन धरावे. लिटरची बाटली अर्धी भरली तरी चालेल. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यावे आणि आधार काढून सावकाश खाली आणावे. किती वेळा करावे आणि वजन केव्हा वाढवावे, हे भौतिकोपचार तज्ज्ञाकडून समजून घ्यावे. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, आणि याच काळात माणसाचा धीर सुटतो.

सहा महिने नेटाने हे सारे करूनही काम अडत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्यांनी पीआरपी सुचवल्यास चार प्रश्न विचारावेत. एकूण किती इंजेक्शने व किती खर्च? गुण आला नाही तर पुढे काय? माझ्या इतर आजारांमुळे वा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे धोका आहे काय? आणि वाट पाहिली तर काय बिघडेल? खात्रीशीर गुणाचे आश्वासन मिळाले, तर तेथून उठावे.

त्या बाईला सदस्यांनी हेच सांगितले. जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली, व्यायाम सुरू झाला. दुखणे अजून पूर्ण गेलेले नाही, पण ती पुन्हा हलके काम करू लागली आहे आणि शेळी दावणीलाच आहे. आपल्या गावात कोणी असाच प्रश्न घेऊन आला, तर ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचवावी.