बापाचा रकाना

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



समाजकार्याचं शिक्षण संपवून मी बालसंरक्षणाच्या कामात आले, त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. बालकल्याण समितीपुढे मूल आलं की आम्ही त्याच्या घरी जायचं, शेजारीपाजारी चौकशी करायची आणि अहवाल द्यायचा. मूल घरी जाणार की बालगृहात, हे बरंचसं त्या कागदावर ठरतं.

सुरुवातीचा माझा एक अहवाल अजून मनातून जात नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. मुली दोन, आठ आणि तीन वर्षांच्या. थोरली धाकटीला कडेवर घेऊन एस.टी. स्टँडवर फिरताना पोलिसांना सापडली. मी वस्तीत गेले तर खोलीला कुलूप. मी लिहिलं, ‘आईचे मुलींकडे दुर्लक्ष.’ बापाच्या रकान्यात लिहिलं, ‘घर सोडून गेला आहे.’ एवढंच! पळून गेला तो, आणि दुर्लक्षाचा शिक्का बसला तिच्यावर.

मुली बालगृहात गेल्या. भेटीच्या दिवशी ती मला म्हणाली, “ताई, कामाला गेले नसते तर पोरी उपाशी राहिल्या असत्या. मग तुम्ही काय लिहिलं असतं?”

मला उत्तर देता आलं नाही. काही महिन्यांनी मुली घरी आल्या, तेव्हा धाकटी आईजवळ झोपायला तयार नव्हती.

काय हवं होतं त्या बाईला? दिवसभर मुली सांभाळणारं पाळणाघर. अंगणवाडी काही तासांत सुटते. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, असं कायदा सांगतो. पण चार घरची स्वयंपाकघरं त्यात कशी बसणार?

२०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो, मुलाला संस्थेत ठेवणं हा अखेरचा उपाय. मूल कुटुंबातच राहावं म्हणून आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. पण अर्ज करायला गेलं की कागद मागतात. विधवेजवळ नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला तरी असतो. टाकलेल्या बाईनं कुठला दाखला आणायचा?

माझ्या बोलण्याचा गैरसमज नको. घरात मारहाण होत असेल, लैंगिक अत्याचार होत असेल, तर ‘घरचा मामला’ म्हणून गप्प बसायचं नाही. १०९८ वर फोन करायचा, मुलाला आधी सुरक्षित जागी न्यायचं. पण गरिबी म्हणजे अत्याचार नव्हे. उपाशी मुलाला आईपासून तोडण्याआधी आईच्या हाताला आधार द्यायला हवा.

म्हणून दोन गोष्टी सांगते. तुमच्या वस्तीतल्या एकट्या बायांकडे जा, त्यांचे अर्ज भरा आणि समितीपुढे त्यांच्या सोबत उभ्या राहा. एकटी बाई साहेबांपुढे बोलताना अडखळते. चौघी बरोबर असल्या की तिला कंठ फुटतो.

दुसरी गोष्ट माझ्यासारख्या अहवाल लिहिणाऱ्यांसाठी. बापाचा रकाना एका ओळीत संपवू नका. तो कुठे आहे, काय कमावतो, पोटगी देतो का, मुलांना शेवटचं कधी भेटला, सगळं लिहा. आईबद्दल काही लिहायचं असेल तर त्यानंतर लिहा. मी आता तसंच करते.