जीटी ७३०चा ड्रायव्हर बसत नाही? आधी चिप ओळखा

आजचा एपिसोड जुन्या डेस्कटॉपवाल्यांसाठी.

आमच्या वाळूज एमआयडीसीत बजाजचा प्लांट १९८५ साली सुरू झाला आणि आजूबाजूला छोटी-छोटी वर्कशॉप उभी राहत गेली. अशा वर्कशॉपच्या केबिनमध्ये बऱ्याचदा एक जुना पीसी असतो. ड्रॉइंग त्यावरच उघडतं, व्हीएमसीचा प्रोग्रॅम त्यावरच बनतो. तो पीसी अडला की लाखोंचं मशीनही बसून राहतं.

ओळखीच्या एका दादांकडे तेच झालं. विंडोज १० नव्याने टाकलं आणि स्क्रीनवर सगळं मोठं-मोठं दिसायला लागलं. थ्रीडी मॉडेल फिरवलं की अडकायचं. कार्ड एनव्हिडियाचं जीटी ७३०. ड्रायव्हर टाकायला गेलं की इन्स्टॉलर म्हणायचा, जुळणारं कार्डच सापडत नाही. कोणीतरी सल्ला दिला, "कार्ड गेलं, नवीन पीसी घ्या."

थांबा! कार्ड गेलं की नाही, हे आधी फुकटात तपासता येतं. पीसी चालू करून बायोसमध्ये जा. तिथं विंडोजचा ड्रायव्हर चालतच नाही. तिथंही रेषा, ठिपके दिसले तर दोष कार्ड, केबल किंवा मॉनिटरचा. तिथं चित्र स्वच्छ असेल, तर संशय ड्रायव्हरवर. दादांकडे बायोस एकदम स्वच्छ होतं.

आता खरी गंमत. २०१४ मध्ये आलेलं जीटी ७३० हे एक कार्ड नाहीच! त्याच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. एक फर्मी, ९६ कोरची. दुसरी केप्लर, ३८४ कोरची. खोक्यावर नाव तेच, ड्रायव्हर मात्र वेगळे. फर्मीचा शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५, मार्च २०१८चा. केप्लरला नेहमीचे ड्रायव्हर २०२१ पर्यंत मिळाले, नंतर २०२४ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट.

मग ओळखायचं कसं? डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अ‍ॅडॅप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. तिथं 'डेव्ह' या अक्षरांनंतरची चार चिन्हं बघा. शून्य-एफ-शून्य-दोन असेल तर फर्मी. एक-दोन-आठ-सात असेल तर केप्लर. दादांचं निघालं फर्मी, आणि ते टाकत होते केप्लरचा ड्रायव्हर. बसणार कसा?

पुढचा क्रम नीट ऐका. एक, योग्य ड्रायव्हर एनव्हिडियाच्याच साइटवरून आधी उतरवून ठेवा. दोन, नेटची केबल काढा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःच्या मनाचा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. तीन, सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या फुकट टूलने जुन्या ड्रायव्हरचे अवशेष साफ करा. चार, रीस्टार्ट करून ड्रायव्हर टाका आणि क्लीन इन्स्टॉलवर टिक करा.

दादांचं मॉडेल फिरायला लागलं. त्याच संध्याकाळी प्रोग्रॅम मशीनवर गेला. खर्च शून्य.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या ड्रायव्हरला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे असा पीसी फक्त ड्रॉइंग आणि प्रोग्रॅमसाठी ठेवा. बँक, जीएसटी, ईमेल दुसऱ्या मशीनवर. आणि ड्रॉइंगचा बॅकअप आजच घ्या, कारण हार्डडिस्कही तेवढीच म्हातारी असते.

नवीन पीसी कधीतरी घ्यावाच लागेल. पण तो तुमच्या सोयीने घ्या, ऑर्डर अडकलेली असताना घाबरून नको. घरात, दुकानात असा पीसी असेल तर पाच मिनिटं काढा, हार्डवेअर आयडीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. अडचणीच्या दिवशी तोच कामाला येईल.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!