वंशावळीतील रिकामी जागा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



‘कुलवृत्तांताचे जतन’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. घरची वंशावळ जुळविताना आम्हांस जी ठेच लागली, तिचे शहाणपण आपणांपुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

वंशावळ म्हटली की हल्ली आपणांस दाखला आठवतो. २०२३ पासून मराठवाड्यात जुन्या नोंदींचा मोठा शोध झाला. वर्षानुवर्षे न उघडलेल्या पेट्या उघडल्या. मोडी वाचणाऱ्यांस व उर्दू जाणणाऱ्यांस पुन्हा मान आला. हे इष्टच झाले. परंतु दाखल्यापुरती वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते. तीत नावे येतात. माणसे येतातच असे नाही.

आमचे मूळ घर औसा तालुक्यातले. आजोबांचे धाकटे बंधू नांदेडास उस्मानशाही गिरणीत नोकरीस गेले, तेव्हा त्यांनी वंशावळीची एक नक्कल उतरून नेली. त्या नकलेत आजोबांच्या थोरल्या बंधूंच्या नावापुढे एकच शब्द होता: ‘निर्वंश’. आम्हीही तो निमूटपणे आमच्या वहीत उतरविला.

१९९३ च्या उन्हाळ्यात ती वही आम्ही आमच्या आत्यांस वाचून दाखविली. त्या किल्लारीजवळच्या एका गावी दिलेल्या. त्या शब्दाशी येताच त्यांनी आम्हांस थांबविले. म्हणाल्या, “निर्वंश? कोणी लिहिलं रे हे? मग तुझ्या बापाला वाढवलं कोणी?”

तेव्हा आम्हांस प्रथमच कळले की आमची आजी वडिलांच्या लहानपणीच वारली आणि त्या थोरल्या बंधूंच्या विधवा पत्नीने या दोन पोरक्या भावंडांना पदराखाली घेतले. १९४८ साली रझाकारांच्या भयाने गावे ओस पडू लागली, तेव्हा आजोबा घर राखण्यासाठी मागे राहिले आणि ही बाई वडिलांना कडेवर व आत्यांना बोटाशी धरून रात्रीच्या वाटेने बार्शीकडे निघाली. गाठोड्यात भाकरी होत्या आणि जमिनीचे कागद होते. सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा मुले आणि कागद दोन्ही तिने सुखरूप परत आणले. पुढे १९५४-५५ च्या खासरा पत्रकात शेत आजोबांच्या नावे लागले. तिचे नाव कोठेच लागले नाही.

घरीदारी सगळे तिला ‘थोरल्याबाई’ म्हणत. तिचे खरे नाव काय, हे विचारावयाचे त्या दिवशी राहून गेले. दिवाळीस आत्या येतील तेव्हा विचारू, असे आम्ही ठरविले.

दिवाळी उजाडलीच नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, भूकंप झाला. दगडमातीची माळवदाची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे १० हजार माणसे गेली. त्यांत आमच्या आत्या होत्या. आमच्या जुन्या घरातली कागदांची पेटीही त्याच पहाटे मातीत गेली. वंशावळ आज हाती आहे, ती नांदेडच्या नकलेमुळे.

पुढे आम्ही त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांची वही पाहिली. पूर्वजांपैकी यात्रेस आलेल्या पुरुषांची नावे तीत मिळाली. तिचे मिळाले नाही.

यावरून जे उमगले ते थोडक्यात सांगतो. वंशावळीची प्रत एकाच घरी ठेवू नये. लेकीच्या घरी, परगावच्या भावाकडेही एकेक द्यावी. वाटलेले टिकते. जुन्या कागदावरील फसली सनात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन सुमाराने हाती येतो. तथापि मूळ आकडाही तसाच लिहून ठेवावा. लेकींची नावे व त्यांची सासरे, सुनांची नावे व त्यांची माहेरे यांस वहीत जागा द्यावी. एकच हकीकत दोघांनी निराळी सांगितली, तर दोन्ही लिहाव्यात व सांगणाऱ्याचे नाव खाली घालावे. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. वडीलधाऱ्यांचा आवाजही त्यात धरून ठेवता येतो. आणि सर्वांत आधी घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीपाशी बसावे. कागद अनेकदा कचेरीत सापडतो. तिच्या मनातले दुसऱ्या कोठेही सापडत नाही. हे काम दिवाळीवर टाकू नये, हे आम्ही कोणत्या अनुभवाने सांगत आहोत ते आपण जाणताच.

आमच्या वहीतला ‘निर्वंश’ हा शब्द आम्ही खोडला आहे. तेथे आता असे लिहिले आहे: ‘पत्नी थोरल्याबाई. यांनी दीर-जावांची दोन मुले वाढविली.’ त्याखाली खऱ्या नावासाठी एक ओळ मोकळी ठेवली आहे.

त्यांचे माहेर उदगीरकडचे होते, एवढेच आम्हांस ठाऊक आहे. आज या मंडपात उदगीरकडची कित्येक कुटुंबे बसली आहेत. आपल्यापैकी कोणाच्या घरी औशाकडे दिलेल्या, तरुणपणीच विधवा झालेल्या आणि जावेची मुले घेऊन बार्शीस गेलेल्या एखाद्या आत्याची गोष्ट सांगितली जात असेल, तर कृपा करून आम्हांस भेटावे. ती ओळ भरावयाची आहे.