वाहनाचा श्वास आणि टेकडीवरील शांतता



दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर हिंदुराव नावाचे इस्पितळ आहे. हे नाव मराठी आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदुराव हे दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा 1835 साली खून झाल्यावर त्याचा टेकडीवरील वाडा हिंदुरावांकडे आला. 1857 च्या वेढ्यात याच वाड्याभोवती तोफांचा भडिमार झाला. आज तेथे रुग्ण विश्रांतीच्या आशेने पडून असतात, आणि रस्त्याने जाणाऱ्या मोटारसायकलचा कर्कश आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतो.

येथून थोड्याच अंतरावर करोल बाग आहे. मोटारसायकलच्या सुट्या भागांची ही मोठी बाजारपेठ. लडाखकडे निघालेले तरुण येथे गाडीची सिद्धता करतात आणि पुष्कळदा कारखान्यातून आलेला सायलेन्सर काढून दुसरा बसवून घेतात. वजन घटावे, नदीनाल्यात नळी वर राहावी, दगडाचा फटका चुकावा, हे हेतू रास्तच आहेत. परंतु त्यांच्या जोडीला एक समजूत असते, ती म्हणजे आवाज जितका मोठा तितकी शक्ती अधिक. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

धूर बाहेर सोडणे एवढेच या नळीचे काम नाही. झडप उघडताच तप्त वायूचा दाब लाटेसारखा नळीतून धावतो. नळी जेथे रुंदावते तेथून त्या लाटेचा प्रतिध्वनी कमी दाबाच्या रूपाने मागे परततो. तो योग्य क्षणी पोहोचला तर उरलासुरला धूर ओढून काढतो आणि ताज्या मिश्रणाला आत वाट करून देतो. नळीची लांबी व व्यास ठरतात ते या हिशेबाने. फार रुंद आणि मोकळी नळी इंजिनाच्या उच्च वेगात लाभ देईलही, परंतु कमी वेगातील ओढ बहुधा घटवते. खडकाळ चढावर स्वाराला नेमकी तीच ओढ हवी असते.

बसवणी हे धीराचे काम आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर गंजलेल्या नटांना तेल पाजावे व ते मुरू द्यावे. घाई केल्यास स्टड तुटतो. इंजिनाच्या तोंडाशी असलेले जुने पॅकिंग काढून नवे घालावे. सर्व नट प्रथम हातानेच लावावेत, नळी ताणाविना आपल्या जागी बसते की नाही ते पाहावे, मग इंजिनाकडील नट आळीपाळीने सारखे आवळावेत आणि शेवटी मागची पट्टी. नळी ओढूनताणून बसवली तर खडबडीत वाटेवर तिला तडा जातो. पायाजवळ उष्णतारोधक पत्रा हवाच. पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर नट पुन्हा तपासावेत. सांध्यातून गळती असेल तर वेग सोडताना फटफट आवाज येतो. पुष्कळांना तो आवाज शौर्याचा वाटतो, परंतु बहुधा तो सैल सांध्याचा वा अपुऱ्या इंधनाचा असतो. कार्ब्युरेटर असल्यास नव्या नळीनुसार त्याचा जेट बदलावा लागतो.

याहून गंभीर प्रश्न वेगळाच आहे. 2020 पासूनच्या भारत स्टेज सहा मानकाच्या गाड्यांत धुराच्या मार्गात उत्प्रेरक बसवलेला असतो. विषारी वायूंचे प्रमाण तो कमी करतो. जुन्या नळीबरोबर तोही काढून टाकला तर दिल्लीच्या आधीच काळवंडलेल्या हवेत भर पडते. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरबदलास 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने मनाई आहे. आवाज व धूर यांची मर्यादा मोडणाऱ्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इस्पितळाभोवती किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद 2000 सालच्या नियमांत आहे. अशा क्षेत्रासाठी मर्यादा दिवसा 50 व रात्री 40 डेसिबल अशी आहे. दर 10 डेसिबलांमागे ध्वनीची तीव्रता दहापट होते, हे ध्यानी घेतले म्हणजे एका उघड्या नळीचा अर्थ कळतो.

ज्याला पर्वत चढायचे आहेत त्याने गाडीच्या प्रकृतीला जुळणारी, ध्वनिशामक व उत्प्रेरक शाबूत ठेवणारी, मान्यताप्राप्त नळीच निवडावी. चांगली नळी इंजिनाला मोकळा श्वास देते, आणि इस्पितळातील खाटेवर श्वासासाठी झगडणाऱ्या माणसाची झोपही मोडत नाही.