गर्भवती माता आणि जंतांचे औषध



राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळाशाळांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. २०१५ साली सुरू झालेला हा उपक्रम १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी आहे. मूल घरी जाऊन आईला गोळीची हकिकत सांगते. त्या आईला दिवस गेलेले असतील, तर तिच्या मनात प्रश्न उभा राहतो : ही गोळी आपल्याला चालेल का? संकोचापोटी हा प्रश्न पुष्कळदा मनातच राहतो.

जंतांपैकी अंकुशकृमी गर्भवतीला विशेष घातक. त्याच्या अळ्या दूषित मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात. पुढे वाढलेला कृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतो. गर्भारपणी लोहाची गरज आधीच वाढलेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. तीव्र रक्तक्षयाने प्रसूतीत मातेच्या जिवाला धोका संभवतो आणि बाळ कमी वजनाचे उपजू शकते.

म्हणून उपचार हवाच. परंतु तो योग्य वेळी हवा. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचे अवयव घडत असतात, त्यामुळे त्या काळात जंतनाशक औषध टाळतात. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार दुसऱ्या तिमाहीत ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची एक मात्रा दिली जाते, तसेच लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक, याप्रमाणे १८० दिवस दिली जाते. हे सारे डॉक्टरांच्या वा आरोग्यसेविकेच्या सल्ल्यानेच घ्यावे. मुलांसाठी आणून ठेवलेली गोळी परस्पर घेऊ नये. वावडिंगासारखी घरगुती औषधेही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. दिवस गेल्याचे ठाऊक नसताना गोळी घेतली गेली, तर घाबरून न जाता गोळीचे नाव व तारीख डॉक्टरांना सांगावी.

औषधाने जंत पडतात, पण माती दूषित राहिली तर ते पुन्हा होतात. शौचालयाचा वापर, पायांत चप्पल, जेवणापूर्वी साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ धुतलेली भाजी यांना पर्याय नाही.

हात धुण्याचा धडा मूल शाळेत शिकते. तोच धडा घरी गर्भवती मातेच्या रक्षणास उपयोगी पडावा. आणि तिच्या मनातला तो प्रश्न सासूबाईंनी वा पतीने आपण होऊन डॉक्टरांपर्यंत न्यावा. शिक्षणाचे सार्थक याहून वेगळे ते काय?